उजवीकडून तिसरा मी

माणूस निवृत्त झाला की त्याला तीनपैकी एक काहीतरी जडतंच: मधुमेह, हास्यक्लब किंवा कुलवृत्तांत. मधुमेहाला गोळ्या आहेत. हास्यक्लब सकाळी साडेसातला आटोपतो आणि हसून आलेली माणसं घरी पुन्हा गंभीर होतात. कुलवृत्तांतावर मात्र उतारा नाही. शिवाय ज्याला तो जडतो त्याची प्रकृती उत्तम राहते, खंगतात ती आजूबाजूची माणसं.

आमच्यात तो अण्णाकाकांना जडला. अण्णाकाका माझे चुलत सासरे. मूळ घराणं कोकणातलं, रत्नागिरीकडचं, काका पुण्यात. आपल्या घराण्याचा साद्यंत इतिहास लिहायचा असा संकल्प त्यांनी एका संकष्टीला सोडला आणि उपास सोडायच्या आत कामं वाटली. मुलांनी नोकरी पुढे केली, नातवंडांनी क्लास. राहिल्या सुना.

"सूनबाई, तुझं अक्षर चांगलं आहे," ते मला म्हणाले.

अक्षराचं कौतुक करणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहावं, हे मला माहेरी कुणी शिकवलं नव्हतं.

सुरुवात फॉर्मने झाली. नाव, जन्मतारीख, शिक्षण, व्यवसाय असे रकाने होते आणि शेवटी 'घराण्यास भूषणावह अशी कामगिरी' असा एक. इथपर्यंत धडाधड फॉर्म भरणारी माणसं या रकान्यापाशी आठवडा आठवडा अडली. एका दिरांनी लिहिलं, 'सकाळच्या लोकलमध्ये रोज बसायला जागा मिळवतो.' दुसऱ्यांनी 'निरंक' लिहून खाली झोकदार सही ठोकली. तिसऱ्यांनी स्वरचित कवितांची वही जोडली आणि ती परत पाठवू नये असंही कळवलं. थोरल्या जाऊबाईंनी लिहिलं, 'या घरात एकेचाळीस वर्षं काढली.' अण्णाकाकांनी त्यांची नोंद 'संकीर्ण' या सदरात टाकली.

वंशवृक्षाचा नियम असा की मुलग्याला चौकोन, सुनेचं नाव त्याच चौकोनात कंसात आणि मुलगी आली की फांदी संपली.

"मग मुली जातात कुठे?" मी विचारलं.

"त्या सासरच्या कुलवृत्तांतात येतील की."

"तिथे कंसात येतील."

"पण येतील ना!"

तारखांचं काम हाती घेतलं तेव्हा कळलं की मागच्या दोन पिढ्यांतले निम्मे पुरुष १ जूनला जन्मलेत. पूर्वी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की गुरुजी त्याला शाळेत घेत आणि दाखल्यावर १ जून टाकून मोकळे होत. या हिशेबाने आमच्याकडच्या दोन सख्ख्या भावांपैकी थोरला १ जून १९४१ ला जन्मला आणि धाकटा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. धाकट्याची तारीख खरी, त्याची पत्रिका आहे. अण्णाकाका दोन दिवस त्या साडेपाच महिन्यांकडे बघत बसले. "हे भूषणावह कामगिरीत घाला," माझा नवरा म्हणाला, "आजीच्या नावावर." बायकांना तर तारीखच नाही. एक पणजी 'प्लेगच्या वर्षी' जन्मली, इतकीच माहिती. प्लेग मुंबईत आला १८९६ साली, आणि पुढे वर्षानुवर्षं येतच राहिला. पणजी त्यातल्या कुठल्या फेरीतली, कोण सांगणार?

नावांची तऱ्हा निराळीच. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत असल्यामुळे गणेश दत्तात्रय, दत्तात्रय गणेश, पुन्हा गणेश दत्तात्रय अशी रांग सरळ पेशवाईपर्यंत जाते. त्यात कुणी कर्ज काढलं आणि कुणी फेडलं ते देवालाच ठाऊक. एरवी या माणसांना नावाने कुणी हाकच मारली नाही. माहिती असलेली शेवटची व्यक्ती म्हणजे बेबीआत्या, वय ८४. मी वही घेऊन त्यांच्यापुढे बसले.

"आत्या, हे दादा म्हणजे कोण?"

"दादा म्हणजे आपले दादा गं. नानांचे मोठे भाऊ."

"नानांचं नाव काय होतं?"

"नाना."

"नाही, खरं नाव."

आत्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "सासऱ्याचं नाव घेतेस? तुमच्या वेळी चालतं बाई सगळं."

फोटोंवरून उलगडा होईल म्हणून आम्ही फोटोंकडे वळलो. माळ्यावरच्या ट्रंकेत एक मोठा फोटो निघाला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कुणाच्या तरी मुंजीचा. मागे झावळ्यांचा मांडव, मधल्या रांगेत खुर्च्यांवर पगड्या, उभ्या रांगेत टोप्या, एका कडेला नऊवारीतल्या बायका. त्यातली एक नेमक्या वेळी हलली, त्यामुळे तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता धूर. पुढे सतरंजीवर पोरं. एकाच्या मुठीत लाडू आहे आणि शेजारचा कॅमेऱ्याकडे न बघता लाडवाकडे बघतोय. डाव्या कोपऱ्याला कसर लागून दोघांची डोकी गेली आहेत. हे दोघे पुढे फार उपयोगी पडले. ज्या ज्या कर्तबगार पूर्वजांचे फोटो मिळत नव्हते, त्यांतल्या दोघांची अण्णाकाकांनी त्या जागी नेमणूक केली.

फोटोत एक देखणा, पिळदार मिशांचा गृहस्थ आहे. त्याच्यावर सगळ्या शाखांनी हक्क सांगितला. वरच्या घरात तो पणजोबा, खालच्या घरातही पणजोबा, आणि नागपूरला गेलेल्या शाखेत तो मामलेदार. त्याच्या मागे एक जण तिरका उभा आहे. कान पुढे आलेले, नाक हुबेहूब माझ्या नवऱ्याचं. त्याच्यावर कुणाचाच हक्क नाही.

"फोटोग्राफरचा गडी असेल," नवरा म्हणाला.

मग कुणाला तरी फोटो उलटून बघायचं सुचलं. मागे पेन्सिलीने, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'उजवीकडून तिसरा मी. शेजारी दादा. बाकी सर्वांस आपण ओळखताच.'

उजवीकडून तिसरे दोन निघतात, बसलेल्यांतला एक आणि उभ्यांतला एक. आणि 'मी' म्हणजे कोण, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे त्याने ते लिहिलेलं नाही.

निदान मृत्यूच्या नोंदी तरी मिळाव्यात म्हणून आम्ही एका कचेरीत गेलो. गाव नमुना नंबर १४ मध्ये पूर्वी गावातले जन्ममृत्यू नोंदवत. जुन्या नोंदीत जन्माला 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच असतं, बारसं व्हायच्या आधीची नोंद म्हणून नाव नाहीच. मरणाला 'ताप', 'पटकी', 'हगवण' यांपैकी काहीतरी. माणूस कशाने गेला ते नीट लिहिलेलं, कोण आला ते नाही.

"वर्ष सांगा," खिडकीतले साहेब म्हणाले.

"वर्षच शोधतोय."

"वर्ष सांगितल्याशिवाय रजिस्टर कुठलं काढू?"

"रजिस्टर बघितल्याशिवाय वर्ष कसं सांगू?"

त्यांना हा मुद्दा पटला. त्यांनी तो तसाच अर्जात लिहून द्यायला सांगितला.

परतताना मला मॉरिशसच्या मराठी लोकांचा हेवा वाटला. १८३४ पासून पुढे इथून मजुरीच्या करारावर माणसं मॉरिशसला गेली, त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. इंग्रज सरकारने प्रत्येकाला क्रमांक दिला, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण असं सगळं टिपलं, पुढे पुढे फोटोसुद्धा काढले. ते कागद तिथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेले आहेत. तिकडून आलेला माणूस आपल्या खापरपणजोबांच्या कपाळावर कुठे व्रण होता ते सांगतो. आमचे पणजोबा गावातच राहिले आणि बेपत्ता झाले. बोटीत बसले असते तर निदान उंची तरी कळली असती.

न्यू जर्सीच्या पुतण्याने याच सुमाराला थुंकी तपासणीचा डबा पाठवला. नळीत थुंकायचं, नळी परत पाठवायची, मग घराण्याचं मूळ कळतं म्हणे. अण्णाकाकांनी आधी विरोध केला, मग स्नान करून, सोवळ्याने, पूर्वेकडे तोंड करून थुंकले. निकाल आला, 'दक्षिण आशियाई'. डॉलर मोजल्यावर निश्चित झालं की आम्ही इकडचेच.

रविवारी घरी बैठका सुरू झाल्या. पुण्यात कुलवृत्तांतवाले पुष्कळ. ज्याला त्याला आपापल्या घराण्याचं वेड, त्यामुळे तासभर सगळे बोलायचे आणि ऐकायची ती चहा घेऊन आलेली मी. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. महाराष्ट्रातली सगळी घराणी तीन भावांपासून निघाली आहेत. एक मूळ गावी राहिला, दुसरा घाटावर गेला, तिसरा रुसून निघाला त्याचा पत्ता लागला नाही. इतक्या घराण्यांतले इतके तिसरे भाऊ गेले कुठे? त्यांचे वंशज एकाही बैठकीला आले नाहीत. दुसरं म्हणजे प्रत्येकाचा पूर्वज पानिपतावर होता आणि सरदारच होता. कुणाचाच आचारी नव्हता, पाणक्या नव्हता, मोतद्दार नव्हता. मग एवढ्या सरदारांना भाकरी कोण थापून घालत होतं, हा प्रश्न मी एकदा विचारला आणि पुढच्या रविवारपासून चहा अण्णाकाकूंकडून मागवण्यात येऊ लागला.

बैठकीला एकदा सांगलीकडचे एक गृहस्थ आले होते. त्यांच्या गावात हेळवी येतो. सजवलेल्या बैलावरून दारात येतो, घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची वंशावळ म्हणून दाखवतो, धान्य घेतो आणि पुढच्या दारी जातो. फॉर्म नाही, कंस नाही. अण्णाकाकांनी सुस्कारा सोडला. सुस्कारा अडाणी पद्धतीबद्दल होता की त्या गृहस्थांच्या भाग्याबद्दल, ते समजलं नाही.

काकांचा आदर्श इतिहासाचार्य राजवाडे. राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं सोडवून आणली, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला आणि मग बावीस खंडांपर्यंत मजल मारली. हाताने रांधून खायचे, मिळेल तिथे राहायचे आणि मतभेद झाला की भडकायचे. यांपैकी भडकण्याची बाजू अण्णाकाकांनी हुबेहूब उचलली. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत, सरदेसायांनी १९३० पासून पुढे त्यातले निवडक छापले तरी पंचेचाळीस भाग झाले. "एवढ्यांत आपला एकही कागद नसेल?" असं काका विचारायचे, आणि नाही म्हणणारा घराण्याचा द्रोही ठरायचा.

आणि एके दिवशी खरोखरच रुमाल सापडला. गावच्या घरी, देवघराच्या फडताळात, लाल कापडात बांधलेले मोडी कागद. अण्णाकाकांनी 'पानिपतावरील पराक्रम' हे प्रकरण आधीच लिहून ठेवलं होतं, फक्त पुरावा यायचा होता.

मोडी वाचायला कुणीतरी धोतर-उपरण्यातले शास्त्रीबुवा येतील अशी काकांची अपेक्षा. आली ती जीन्समधली पंचविशीची मुलगी. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकलेली. २०२३ च्या अखेरीला महाराष्ट्रभर जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून तिला श्वास घ्यायला फुरसत नाही. रात्री दहानंतरसुद्धा लोक आजोबांचे फोटो काढून पाठवतात, म्हणाली.

तिने कागद उलगडला. हातकागद, कडेला वाळवीने नक्षी काढलेला, शाई मात्र अजून काळीभोर. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची, मग तिला खालून अक्षरं लटकवत जायचं. शब्द कुठे तुटत नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. बेबीआत्या बोलतात तसं. मुलगी बोट न लावता वाचू लागली.

"सुहूर सन इसन्ने सबैन मया व अलफ."

"वा!" अण्णाकाका म्हणाले. अर्थ कुणालाच कळला नव्हता, पण सरदारी थाट होता.

"इसन्ने म्हणजे दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. अकराशे बाहत्तर. त्यात पाचशे नव्याण्णव मिळवायचे. १७७१-७२."

काकांनी बोटांवर हिशेब केला. पानिपत १७६१ च्या जानेवारीत झालं.

"म्हणजे आपले पूर्वज दहा वर्षं उशिरा पोचले?" नवरा म्हणाला. "वाटेत मुक्काम फार केले असतील."

पुढचा मजकूर पानिपताचा नव्हता. बांधावरच्या फणसाचा होता. दोन भाऊ, वरचं घर आणि खालचं घर. फणसाचं खोड वरच्यांच्या हद्दीत, दोन फांद्या खालच्यांच्या. वरचे म्हणत, झाड आमचं. खालचे म्हणत, पडेल ते आमचं. यावरून मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, पाच पंच बसले. पंचांनी फणस कापा की बरका याचीही चौकशी केली, तो बरका निघाला, आणि तरीही भांडण मिटेना. शेवटी खोड वरच्यांचं, खाली पडेल ते खालच्यांचं, आणि पुन्हा कज्जा करील तो दिवाणचा गुन्हेगार, असं लिहून दोघांच्या निशाण्या घेतल्या.

मुलीने कागदाची घडी घातली. मला वाटलं, काका खचले.

"खोड कुणाच्या हद्दीत म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"वरच्या घराच्या."

"ऐकलंस सूनबाई? अडीचशे वर्षं आम्ही हेच सांगतोय!" आणि त्यांनी तिथल्या तिथे डोंबिवलीला भाईंना फोन लावला. भाई खालच्या घरचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "फळं कुणाला दिली?"

त्या संध्याकाळपासून दोघांचं बोलणं बंद. पानिपताच्या प्रकरणाचं नाव बदलून 'पेशवेकालीन न्यायदानात घराण्याचा वाटा' असं झालं. मुखपृष्ठावर मिशीवाल्याचा फोटो टाकायचा होता, पण तो कुणाचा पणजोबा म्हणून छापायचा यावर तोडगा निघेना. मी मधला मार्ग सुचवला की लाडूवाल्या पोराचा फोटो टाकू. तो मार्ग दोन्ही घरांनी एकमताने फेटाळला. एवढ्या वर्षांत त्यांचं एकमत झालेलं मी प्रथमच पाहिलं. महिन्याभरात भाईंचं पत्रक आलं: 'खालच्या घराचा स्वतंत्र कुलवृत्तांत, सवलतीच्या दरात पूर्वनोंदणी सुरू.'

अण्णाकाकांकडे एकच हुकमी पान उरलं होतं, त्र्यंबकेश्वर. तिथल्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनावावरून यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. कोण आलं, बाप कोण, आजा कोण, मुलं किती, आणि खाली सही. काका, मी आणि गाडी चालवायला नवरा असे आम्ही गेलो.

उपाध्याय पाटावर बसून मोबाईलवर बोलत होते. बोलता बोलताच त्यांनी विचारलं, "गाव? आडनाव?" मागच्या कपाटातून हातभर लांबीची वही काढली, बासनाची गाठ दाताने सोडली आणि थुंकी न लावता पानं उलटत नेमक्या जागी आणून ठेवली. फोन चालूच.

"हे तुमचे पणजोबा."

सही होती. वळणदार, शेवटचा फराटा कागदाबाहेर जाईल असा. वडिलांचं नाव होतं, आजोबांचं होतं, तिन्ही मुलांची होती. काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"यांना धाकटे भाऊ होते. त्यांचं नाव नाही."

उपाध्यायांनी एक पान उलटलं. "हे ते. चार दिवसांनी आले होते." धाकट्यांची सही तशीच वळणदार, फराटा थोडा आखूड. त्यांनीही बाप, आजा, मुलं सगळं लिहिलेलं. भावाच्या जागी आडवी रेघ.

"असं असतं," उपाध्याय फोनवर हात ठेवून म्हणाले. "तुमची नोंद करू. सांगा."

अण्णाकाकांनी सांगितलं. मुलं, नातवंडं, त्यांची शिक्षणं, न्यू जर्सी. सुना कंसात.

"भाऊबंद?"

"कुणी नाही."

"अण्णाकाका, भाई?" मी हळूच म्हटलं.

"त्यांचा कुलवृत्तांत स्वतंत्र आहे."

उपाध्यायांनी मान डोलावली. "हो, म्हणाले होते. परवाच येऊन गेले." आणि त्यांनी वही आमच्याकडे फिरवली. निळ्या बॉलपेनने भाईंनी अर्धं पान भरलं होतं. खालचं घर, सात पिढ्या, फणसाचाही उल्लेख. भाऊबंदांच्या जागी ठसठशीत आडवी रेघ.

अण्णाकाकांनी चष्मा नाकावर खाली ओढला, वहीवर वाकले आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचून काढलं. मग मान वर करून म्हणाले, "यात 'कनिष्ठ' चुकलंय. तुमच्याकडे लाल पेन आहे का?"